बैलांची खळ वेगळी

रिठद, ३० ऑगस्ट १९७३

ग्यानबा भाऊजी,

सहा वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणजे घरात कुणी गेलं, असं समजू नका. सगळे आहेत. सासूबाईंना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, तरी कात्री हातात दिली की बाशिंगाच्या कळ्या तशाच कापतात. तुमचे दादा जसे होते तसे आहेत. आशीर्वाद लिहायला हात अडतो. तुम्ही तांड्यावरच्या हेमलाशी लग्न करून तिला दारात आणलीत तेव्हा तो द्यायचा होता, तेव्हा दिला नाही. आता कागदावर देऊन तुम्ही त्याचं काय करणार?

तेव्हा कामाचंच लिहिते. गेल्या वर्षी दुष्काळात पोळा नावालाच झाला. यंदा पाऊस बरा, त्यामुळे ज्याच्या गोठ्यात एक तरी बैल उभा राहिला त्याला बाशिंग हवं होतं, आणि तेही बेगडाचं, झिरमिळ्यांचं. पार रिसोडपासून माणसं आली. महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर रद्दी, माजघरात कामट्या, भिंतींवर वाळत घातलेली बाशिंगं. कागद चिकटवायची खळ करायला गव्हाचं पीठ आणायचं कुठून? रेशनची लाल मिलो ज्वारी दळून आणली. ती शिजवली की कसला वास येतो ते तुम्हालाही माहीत असेल. दोन दिवसांत आंबते, वर बुडबुडे येतात, माशा बसतात. त्यात कोपरापर्यंत हात घालून मी महिना काढला. अजून घास तोंडाजवळ आला की तोच वास येतो आणि घास मी परत ताटात ठेवते.

एक विचारायचं होतं. झुरळ लागू नये म्हणून दिवाळीच्या कंदिलांच्या खळीत आपण निळं मोरचूद घालतो, ते मामंजींच्या वेळी किती पडायचं? तुमचे दादा मुठीनं टाकतात, मोजत नाहीत. ते जनावराच्या पोटात गेलं तर काय होतं, असं मामंजी कधी बोलले होते का? सहज विचारते.

बाकी गावात विशेष नाही. उकंडरावांचा हरण्या बैल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेला. दुष्काळानं खंगलेलं जनावर, त्याचं काय घेऊन बसायचं.

हेमलाला विचारलं म्हणून सांगा.

तुळसावहिनी


रिठद, ९ सप्टेंबर १९७३

भाऊजी,

उत्तर आलं नाही. येईल असं मलाही फारसं वाटलं नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी दारात येते.

हरण्याचं प्रकरण वाढलं. देवमन तुम्हाला आठवत असेल, उकंडरावांकडे सालावर गडी आहे. हरण्याला वासरू असल्यापासून त्यानंच वाढवलेलं. बैल मेला तशी उकंडरावांनी त्याला चारचौघांत सांगितलं, ओढून गावाबाहेर टाक. छप्पन साली देवमनच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरानं मेलं ढोर ओढणं सोडलं, हे गावाला सतरा वर्षं माहीत आहे. मुद्दाम सांगितलं. देवमन म्हणाला, "मालक, जित्ता होता तवरी म्या चारला, म्या धुतला. मेला, आता तुमी ओढा."

कुणीच ओढला नाही. उकंडरावांच्या घरात चार धडधाकट पुरुष, पण एकानंही दोराला हात लावला नाही. बैल गोठ्यात फुगत पडला आणि वारा सगळा आपल्या ओसरीकडे. गणपतीच्या मखरांना कागद लावताना मी पदर नाकाला बांधला होता. वासाचं एक असो, पण दोन दिवस तो वास घेत बसतील आणि हात लावणार नाहीत, अशा माणसांसाठी आपण देवाची मखरं करतो याची मला शिसारी आली.

मग वाशीमहून ढोरांचा डॉक्टर आला. पोट फाडलं. आतून हिरवट निळं पाणी निघालं. बघ्यांत मीही होते. लोक म्हणाले, विष. तो रंग माझ्या ओळखीचा आहे, माझ्या नखांत बारा महिने तोच असतो.

विष म्हटल्यावर जुनी बोंब उठायला वेळ लागला नाही. ढोरांना विष यांच्याशिवाय कोण घालणार, असं ज्यानं त्यानं म्हणून घेतलं. उकंडराव म्हणाले, ओढायला नाही म्हणत होता तेव्हाच मला कळलं. कालपर्यंत देवमनच्या हातचा चारा खाऊन जगलेली जनावरं ज्यांच्या गोठ्यात उभी आहेत, तेही माना हलवत होते. फौजदार आला आणि देवमनला घेऊन गेला. जाण्याआधी आपल्या घरीही आला होता, कारण गावात मोरचूद असतं ते आपल्याकडे. तुमच्या दादांशी ओसरीवर बोलला. काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही.

त्याच संध्याकाळी दादांनी उरलेली पाच बाशिंगं परसात जाळली. उंदरांनी कुरतडली म्हणाले. मी बघितली होती, एकालाही दात लागलेला नव्हता.

तुळसावहिनी


रिठद, २५ सप्टेंबर १९७३

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. सहा वर्षांत एक कार्ड आणि त्यावर एक ओळ. "वहिनी, खळीत सुरी बुडवली होती का?" खाली सही नाही, हेमलाचा नमस्कार नाही, काही नाही. तुमच्या दादांच्या हाती पडलं असतं म्हणजे? नशीब, पोस्टमननं माझ्या हातात दिलं.

मला शिकवता का? मी या घरात आले तेव्हा तुम्ही चड्डीत होता. मामंजींनी पहिल्या दिवशी मला दोन मडकी दाखवली होती. बैल बाशिंग खातो, कंदील कुणी खात नाही, म्हणून बैलांची खळ वेगळी. तिच्यात पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. कंदिलांच्या मडक्याच्या गळ्याला काथ्याची गाठ, आणि दोन्ही मडक्यांचे कोपरे वेगळे. तरी शंका आली तर लोखंडाची सुरी बुडवायची. पातं तांबडं झालं तर त्यात मोरचूद आहे, ती बैलाची नाही. मामंजी सुरी बुडवल्याशिवाय बाशिंगाला बोट लावू देत नसत. हे सगळं मला पाठ आहे.

पण यंदा काय झालं ते ऐका आणि मग बोला. गाठीचं मडकं आषाढात फुटलं. दादांनी नवं आणलं, गाठ बांधायची राहिली. गव्हाच्या खळीत मोरचूद पडलं की निळसर झाक दिसते, मिलोची खळ मुळातच चिखलासारखी, त्यात काही दिसत नाही. दोन्ही मडकी एकाच रंगाची. त्यातून सासूबाई आंधळ्या, मडकी इकडची तिकडे सरकवतात. त्यातून पोळ्याच्या आदल्या दिवशी उकंडरावांची बारा बाशिंगं बाकी, आणि दादा दर घटकेला येऊन डोक्यावर उभे. अशात सुरी बुडवायला वेळ कुणाला होता? नाही बुडवली. झालं समाधान?

आणि बैल बाशिंग खातो म्हणजे काय, दोन-चार झिरमिळ्या चावतो. पण दुष्काळात या ढोरांना कागदाची चटक लागली. वैरण नव्हती तेव्हा भिंतीवरची पोस्टरं ओढून खायची. पोळ्याला तोरणाखाली रांगेत उभी केली, तर हरण्यानं स्वतःचं बाशिंग खाल्लं आणि शेजारच्याचं ओढून तेही खाल्लं. लोक हसत होते. मीही हसले, भाऊजी. म्हटलं, बघा, आमच्या हाताला चव आहे.

देवमन जामिनावर सुटून आला आहे. उकंडरावांनी काम बंद केलं, आणि त्यांनी बंद केलं म्हणून सगळ्यांनीच केलं. दुकानदार त्याच्या बायकोला, वच्छलाला, मीठ देत नाही, ती मिठासाठी वाशीमला जाते. दिवाळीनंतर कोर्टाची तारीख आहे. शिक्षा होईल म्हणतात.

दादा म्हणतात, आपल्याला काय करायचंय. कंदिलांच्या कामट्या तासायला बसले आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघून मला जेवण जात नाही.

तुळसावहिनी


रिठद, १४ ऑक्टोबर १९७३

भाऊजी,

काल वच्छला आली होती. भर दुपारी, ओसरीच्या खाली उभी राहिली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. बांधावरचं गवत कापून वाशीमला विकते, त्यावर घर चाललं आहे. दादा रिसोडला कंदील पोचवायला गेले होते, ते बघूनच आली असावी.

मी म्हटलं, वर ये. ती आली नाही. म्हणाली, "मी बसाले नाही आली. एकच इचारतो. देवमन तुमच्या घरून मोरचूद घेऊन गेला म्हन्ते तुमचा मानूस. तुमी घरातच असता. आला होता का?"

मागं एका पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं. फौजदार आला तेव्हा मी दाराच्या आडच होते आणि सगळं स्वच्छ ऐकलं. मोरचूद कुठून आलं असेल असं त्यानं विचारलं, तर तुमचे दादा कामटी तासता तासता म्हणाले, पोळ्याच्या चार दिवस आधी देवमन आला होता, बैलाच्या खुराला जखम आहे म्हणून खडा मागून घेऊन गेला. हात थांबला नाही, आवाज हलला नाही. देवमन वर्षभरात आपल्या ओसरीवर चढलेला नाही. फौजदार गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "मंग कोनाचं नाव सांगू? तुयं? तू तोंड उघडलं त ग्यानबाच्या मांगं तूबी जाशीन." मग पाट मांडून जेवायला बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. मी वाढल्या. माझ्या त्या हाताची मला अजून किळस येते.

आणि वच्छलाला मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, मला माहीत नाही, मी कामात असते.

ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मी हात पदराखाली घेतले. मग ती गेली. जाताना रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती मान हलवून गेली, माझ्याकडून तिची काही वेगळी अपेक्षाच नव्हती.

तुम्ही हेमलाला आणली त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं आहे. तिला चहा दिला तो कप तुम्ही गेल्यावर मी उकिरड्यावर नेऊन फोडला. सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, दादांनी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं आणि वर हात धुतले. तुम्ही मला त्या घरातली त्यातल्या त्यात बरी समजत होता, म्हणून सांगते.

दिवाळी बारा दिवसांवर आली. ओसरीभर कंदील टांगले आहेत, लाल, हिरवे, पिवळे. येणारी बाई म्हणते, तुळसाबाई, तुमच्या घरात कसं प्रसन्न वाटतं.

तुळसावहिनी


रिठद, २८ ऑक्टोबर १९७३

भाऊजी,

हे पत्र मी शाळेच्या पडवीत बसून लिहिते आहे. घरी मला जायचं नाही आणि घेणारही नाहीत. सांगते ते क्रमानं सांगते.

दिवाळीच्या दोन दिवस आधी फौजदार चावडीत आला. दादांचा जबाब लिहून झालेला होता, त्यावर सही घ्यायची होती. दादा धुतलेलं धोतर नेसून निघाले. उकंडरावांनी त्यांना घरून न्यायला माणूस पाठवला होता, एवढा मान. ते गेले आणि मी मिलोची खळ ढवळत बसले. मडक्यातून तो आंबूस वास आला आणि मला ओकारी आली. परसात जाऊन ओकले. परत आले तर सासूबाई देवाच्या कोनाड्यापाशी उभ्या होत्या, हातानं चाचपत.

आपल्या घरी पोळ्याला मातीची बैलजोडी पुजतात आणि ती दिवाळीपर्यंत कोनाड्यात ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांनाही बाशिंग लागतं, बोटभर, पण चालू मडक्यातल्याच खळीचं. दादांनी पाच बाशिंगं जाळली, ही दोन विसरले. सासूबाईंनी ती बैलांच्या शिंगांतून काढली, नाकाशी नेली, आणि माझ्या हातात दिली.

"मले तवाच वास आला होता," त्या म्हणाल्या. "पोराचं नाव निंगन म्हून गप बसली. आता मले जेवन जात नाही, तुळसे. तू जाय."

दोन महिने आम्ही दोघी एका ताटाशी बसत होतो आणि दोघींनाही घास जात नव्हता, दोघीही मिलोला नावं ठेवत होतो.

मी दोन्ही बाशिंगं आणि एक पितळी वाटी घेतली आणि चावडीत गेले. बायका चावडीत जात नाहीत. मी उंबरठा ओलांडला. दादांच्या हातात टाक होता, सही अजून केलेली नव्हती. देवमन कोपऱ्यात उभा, वच्छला बाहेर पायरीपाशी, विळा घेऊन तशीच गवतावरून आलेली.

मी वाटीत पाणी घेतलं, बाशिंगं त्यात टाकली आणि बोटांनी चोळली. फौजदार म्हणाला, बाई, हे काय? मी म्हटलं, लोखंडाचं काही तरी द्या. कुणी दिलं नाही. उकंडरावांच्या कमरेला चाकू होता, त्यांनी त्यावर हात ठेवला. इतक्यात माझ्या खांद्यावरून विळा पुढे आला. वच्छला पायरीवरून आत आली होती.

विळ्याचं टोक मी वाटीत बुडवून धरलं. किती वेळ ते माहीत नाही. दादा म्हणत होते, हिचं डोकं फिरलं, दुष्काळानं बायकांना असं होतं. मग मी विळा वर काढला. टोक तांब्याच्या भांड्यासारखं लाल झालं होतं.

मी सगळं सांगितलं. मोरचूद देवमननं नेलं नाही, तो आलाच नव्हता. विष आमच्या खळीत होतं आणि ती खळ मी लावली.

इथपर्यंत सांगितलं तेव्हा दादा एकदम मऊ झाले. फौजदाराला म्हणाले, साहेब, अडाणी बाई, दोन मडकी सारखी दिसत होती, तिला काय कळणार, चूक झाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझी बाजू घेतली, भाऊजी. गावानंही माना हलवल्या. चूक म्हटलं की सगळ्यांचीच सुटका होती. मी हो म्हटलं असतं तर आज घरी असते.

तुमच्या कार्डाला मी खोटं उत्तर दिलं होतं. त्याचं खरं उत्तर मी चावडीत दिलं, तेच तुम्हाला लिहिते. सुरी मी बुडवली होती. बैलांचं मडकं दुपारीच संपलं होतं, बारा बाशिंगं बाकी होती, आणि नवी खळ शिजवायची तर पुन्हा चूल, पुन्हा तो वास. मी दुसरं मडकं ओढलं, सुरी बुडवली, पातं तांबडं झालं. ते मी पदराला पुसलं. म्हटलं, एक दिवसाचा तर सण आहे, बैल किती खाणार. आणि बाशिंगं चिकटवली. चूक कसली? मी बघितलं आणि पुसलं.

दादांनी टाक खाली ठेवला. फौजदार कागदावर पहिल्यापासून लिहायला लागला आणि मला नाव विचारलं, मी सांगितलं. देवमन माझ्याकडे बघत नव्हता, त्या वाटीतल्या बाशिंगांकडे बघत होता. एकदाच बोलला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "हरण्या मायाच हातावर मेला. तोंडातून निळा फेस. मी आपला पानी पाजत होतो." मग तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की आतली घाण निघून जाईल. तसं काही होत नाही. उकंडरावांनी देवमनची माफी मागितली नाही, फक्त म्हणाले, आता भरपाई कोण देणार ते बोला. आपल्याकडून नेलेले कंदील लोकांनी परत आणून टाकले, जसं काही त्यांची पोरं कंदील चाटणार होती. ज्यांनी दोन महिने वच्छलाला मीठ दिलं नाही, ते आता मला देत नाहीत. तारखेला मला वाशीमला कोर्टात जायचं आहे. दादांनाही बोलावलं आहे, खोट्या जबाबासाठी. तुम्ही या किंवा येऊ नका. मी तुम्हाला साक्षीला बोलावत नाही. हेमला म्हणाली या, तर मात्र मी तुमच्याकडे मानोऱ्याला येईन, आणि चहा मी अंगणात बसून पिईन.

एक राहिलं. चावडीतून निघताना मी वच्छलाचा विळा तिला परत देत होते. टोकाला तांबडं तसंच होतं. दुसऱ्याची वस्तू घाण करून कशी द्यायची, म्हणून माझा हात सवयीनं पदराकडे गेला. तिनं माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच तिचा हात मला लागला.

"पुसू नको, बाई," ती म्हणाली. "एकडाव पुसलं, तेवढं लय झालं."

विळा तिनं तसाच घेतला, फडक्यात गुंडाळला आणि फौजदाराच्या टेबलावर नेऊन ठेवला.

तुळसा